मादाम ओर्तांसच्या ओसरीवरचं जेवण

१

मादाम ओर्तांसच्या ओसरीवरचं टेबल तसंच होतं. कशाला हात लावू नका, असं मीच फोनवर सांगितलं होतं आणि आता पस्तावत होतो. रविवारची सकाळ, वारा पडलेला, टेबलावर माश्या घोंगावत होत्या. ऑक्टोपसच्या रश्श्याचं पातेलं तळापर्यंत निपटलेलं. मोठ्या भाजलेल्या माशाचा नुसता काटा उरलेला. मक्याचा भात, लाल घेवडा, कच्च्या पपईचं लोणचं, खेकड्यांची फोडलेली कवचं, आणि पपईचा मुरंबा भरलेल्या केकचा अर्धा तुकडा, त्यावर मुंग्यांची रांग. माणसं पोटभर नव्हे, गळ्यापर्यंत जेवली होती.

टेबलाच्या टोकाची एक खुर्ची तेवढी उताणी पडली होती.

त्या खुर्चीवरून आदल्या संध्याकाळी मिस्ये एद्गार लामी खाली कोसळले होते. हे म्हातारे गृहस्थ मॉरिशसहून आमच्या रॉड्रिग्ज बेटावर कुटुंबासह सुट्टीला आले होते. दिवसभर समुद्रावर लोळून झालं, मग हे जेवण, मग रम, आणि केक कापता कापता म्हातारा बाजूला कलंडला तो उठलाच नाही. श्वास होता, पण शुद्ध नव्हती. त्यांच्या मुलानं, फाब्रिसनं, रुग्णवाहिका येईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरडून सांगितलं होतं की या बाईनं माझ्या बापाला विष घातलं. सकाळी बेकरीत पाव घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक झालं होतं. आमच्या बेटावर बातमीला चप्पल घालायलाही वेळ लागत नाही.

माझी त्या दिवशी सुट्टी होती. गुडघे दुखतात म्हणून बायकोनं मला खाऱ्या पाण्यात बसवायचं ठरवलं होतं. डबाही भरला होता. तेवढ्यात ठाण्यातून फोन आला, "इन्स्पेक्टर वोल्बेर, तुम्हीच जा, साहेब. मॉरिशसची माणसं आहेत, मोठ्यानं बोलतात."

मादाम ओर्तांस पायरीवर बसली होती. साठीची, जाडजूड, हातावर पिठाचे वाळलेले डाग. ती एकटी हे घर चालवते. वरच्या खोल्या पाहुण्यांना, खाली ओसरीवर जेवण. तिच्या हातचं जेवायला माणसं विमानातून उतरून सरळ इथं येतात. सकाळपासून दोघांनी फोन करून आपलं येणं रद्द केलं होतं.

मी विचारलं, सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं ना?

"सगळ्यांनी," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हाताऱ्यांचं सोडून. त्यांचं मी वेगळं शिजवलं होतं."

२

हॉस्पिटल डोंगरावर आहे. डॉक्टर बिसेसर या तरुण बाई रात्रभर जाग्या होत्या आणि तसं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी मला म्हाताऱ्याच्या खाटेशी नेलं. नाकाला नळी, छाती संथपणे वरखाली होत होती.

हे अन्नातलं विष नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उलटी नाही, जुलाब नाहीत, ताप नाही. माशाची बाधा मी इथं दर महिन्याला बघते, ती अशी नसते. "हा माणूस झोपलाय, इन्स्पेक्टर. फार खोल झोपलाय. कुणीतरी झोपेचं औषध दिलंय, आणि त्यावर रम गेलीय. या वयात तेवढं पुरतं."

रक्त तपासणीला मॉरिशसला पाठवलं होतं. उत्तर यायला दिवस लागणार होते. तोवर म्हातारा जगतो की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

एक नर्स म्हाताऱ्याच्या डाव्या गालाला कोरफडीचा गर लावत होती. गाल, कान, डावा दंड आणि डावं पाऊल उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं होतं. उजवी बाजू पांढरी फटक. समुद्रावरून आलेल्या मॉरिशसच्या माणसांचं असं होतंच, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

बाहेर बाकावर फाब्रिस बसला होता. मला बघताच उठला. पन्नाशीचा, महागडा शर्ट, डोळे तांबारलेले. "तिला अटक केलीत?"

कुणाला, असं मी विचारलं.

"ती बाई पापांना ओळखत होती. आल्या दिवसापासून टक लावून बघायची. पापांनी इथं नोकरी केलीय, ठाऊक आहे ना? मासेमारी खात्यात. तिच्या बापाची होडी त्यांनी जप्त केली होती."

३

मी परत ओर्तांसकडे आलो. तिनं काही लपवलं नाही.

तेव्हा ती शाळकरी पोर होती. बंदीच्या महिन्यात जाळं टाकलं म्हणून तरुण लामीसाहेबानं तिच्या बापाची होडी ओढून नेली. खटला लांबला, होडी उन्हात पडून तडकली. बाप पुन्हा समुद्रात गेला नाही. रस्ते खोदायच्या कामावर गेला आणि तिथेच संपला. मिस्ये लामी गाडीतून उतरले तेव्हा नाव ऐकायच्या आधीच, त्यांच्या चालण्यावरून तिनं ओळखलं होतं.

"आणि तरी खोली दिलीत?"

"पाहुण्याला दारातून परत पाठवायचं नसतं." ती टेबलाकडे बघत होती. "त्यांची मुलगी म्हणाली, पापांना तिखट चालत नाही, दातही नाहीत. मग मी ऑक्टोपस दुपारभर मऊ शिजवला, बारीक चिरला, मिरची काढली. बापाच्या वैऱ्याला मी घास कुस्करून वाढला, साहेब. मला माझंच हसू आलं."

विष घालायचं असतं तर, ती म्हणाली, पहिल्या सकाळच्या कॉफीतच घातलं असतं. एवढा चांगला ऑक्टोपस कशाला वाया घालवू?

मला तिचं पटलं. पण पटणं हा पुरावा नव्हे. वैर होतं, ताट वेगळं होतं, आणि वाढणारे हात तिचेच होते. इतक्यावर माणसं तुरुंगात गेलेली मी पाहिली आहेत.

वर खोल्या कोण झाडतं, असं मी जाता जाता विचारलं.

"मीच. दुसरं आहे कोण?"

४

फाब्रिसच्या बायकोचं नाव नाताली. ती वरच्या सज्जात काळा चष्मा लावून बसली होती. नवरा हॉस्पिटलात आहे ना, अशी आधी खात्री करून घेतली आणि मग म्हणाली की तिची झोपेच्या गोळ्यांची पट्टी बॅगेतून गेली आहे. तिला कैक वर्षं गोळीशिवाय झोप येत नाही. फाब्रिसला हे माहीत नव्हतं आणि तिला ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. बॅग खोलीत, खोलीला कुलूप नाही, आणि सकाळी झाडायला ओर्तांस येते. नातालीनं मान हलवून मला उरलेलं वाक्य स्वतःच पूर्ण करायला सांगितलं.

शनिवारी काय काय केलं, असं मी तिला विचारलं. सगळे पश्चिमेच्या खाडीवर गेले होते. ओर्तांसनं चौघांना सारखेच डबे दिले होते. वाटेत नारळ घेतले. जेवल्यावर नाताली आणि फाब्रिस खडकांवरून पलीकडच्या खाडीत गेले, तिथे वाळूत पसरले, ते ऊन उतरल्यावर परतले. म्हातारे झाडाखाली आरामखुर्चीत झोपले होते. "देवाची कृपा," ती म्हणाली. "आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला जगू दिलं नव्हतं. ऊन बोटभर सरकलं की खुर्ची हलवा, बोटभर सरकलं की हलवा. सोलांज नुसती हमाली करत होती."

सोलांज ही म्हाताऱ्यांची मुलगी. तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यापासून वडिलांबरोबर राहते. ती खालच्या स्वयंपाकघरात भेटली, कॉफीच्या पेल्यापुढे, खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसलेली, आत्ता उठावं लागेल अशी. मी आरामात बसा म्हणालो, तर मागे टेकली आणि लगेच पुन्हा पुढे झाली. केस विस्कटलेले. चेहरा दमलेला, पण एका रात्रीचा दमलेला नव्हे. तसा थकवा मी आरशात पाहतो, म्हणून ओळखतो.

तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. फाब्रिसचा मॉरिशसमध्ये धंदा आहे, त्याला वेळ नसतो. पापांचं औषध, आंघोळ, रात्रीची हाक हे सगळं तिच्याकडे. ही सुट्टीही फाब्रिसनंच काढली होती, पापांना त्यांचं जुनं बेट दाखवायला. "मलाही आराम मिळेल म्हणाला."

मिळाला का?

तिनं पेला फिरवला. "पापांबरोबर आले आहे ना."

काल दुपारी कुठे होता, असं विचारल्यावर ती म्हणाली, पापांच्या शेजारीच. ते झोपले, मी वाचत बसले. संध्याकाळपर्यंत हलले नाही.

आणि जेवताना? काही वेगळं वाटलं? नाही, ती म्हणाली. फक्त फाब्रिस रम ओतत राहिला.

हे मला फाब्रिसनंही सांगितलं होतं, पण दुसऱ्या सुरात. पापा रोज संध्याकाळी एक ग्लास घेतातच, सोलांजच भरून देते. काल मात्र ती त्यांच्या ग्लासवर हात ठेवून बसली होती, दोनदा तर ग्लास उचलूनच नेला. "मी म्हटलं, सुट्टी आहे, घेऊ दे. हिला कुणाचं सुख बघवत नाही."

५

दुपारी मी पश्चिमेच्या खाडीवर गेलो. काही शोधायला गेलो असं अहवालात लिहिता आलं असतं. खरं सांगायचं तर डबा गाडीत होता, बायको रागावून बहिणीकडे गेली होती आणि मला कुठेतरी बसून खायचं होतं.

आरामखुर्च्या तिथे फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली कायमच्या पडून असतात. त्यातली एक ओढली, मासा-भात खाल्ला, पाय पसरले. भरती हळू हळू आत येत होती. लांब पांढऱ्या लाटांची रेघ, तिच्या अलीकडे हिरवं, स्वस्थ पाणी. सकाळपासून जे जे ऐकलं होतं ते ओर्तांसकडेच बोट दाखवत होतं. वैर, वेगळं ताट, गोळ्या, उघडी खोली. संध्याकाळी तिला ठाण्यात न्यावं लागणार होतं, आणि तिथून परत आली तरी तिच्या ओसरीवर पुन्हा कुणी जेवायला बसणार नव्हतं. या विचाराचाही मला कंटाळा आला. डोळा लागला.

जाग आली ती गाल भाजल्यामुळे.

झोपलो तेव्हा गार सावली होती. पण ती खाडी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन समुद्राकडून, झाडांच्या खालून येतं. सावली मागे सरते आणि माणूस उघडा पडतो. मी शिव्या घालत खुर्ची मागे ओढली. गुडघे दुखले. पुन्हा बसलो आणि बसल्या बसल्या ताठ झालो.

मी दमलेला, पोट भरलेला, उन्हात जन्म काढलेला माणूस. तरी मला जाग आली. आणि बोटभर ऊन सरकलं की खुर्ची हलवायला लावणारे मिस्ये लामी, त्यांचा गाल, कान, दंड आणि पाऊल करपलं तरी हलले नाहीत. ते साधे झोपलेलेच नव्हते. औषध रात्रीच्या ताटात नव्हतं. ते दुपारीच पोटात गेलं होतं, इथे, या झाडाखाली. आणि ओर्तांस तेव्हा कितीतरी मैल दूर ऑक्टोपस मऊ शिजवत होती. डबे तर चौघांचे सारखेच होते, कुणाला कुठला मिळेल हे तिला ठरवता येत नव्हतं.

राहिली तिघं. त्यातली दोघं जेवल्यावर पलीकडच्या खाडीत गेली. तिसरी शेजारी बसून होती म्हणते. शेजारी बसून, वडील भाजत असताना, पान उलटत होती?

मग मला ती खुर्चीच्या कडेवर बसलेली दिसली. मागे टेकली आणि लगेच पुढे झाली होती. आत्ता उठायचंय म्हणून नव्हे. तिची पाठ भाजलेली होती. पुस्तक वाचून पाठ भाजत नाही. पाण्यात पालथं पडून, तोंड खाली घालून, तासन्‌तास प्रवाळ बघत तरंगलं की भाजते.

पोहणं हा काही गुन्हा नाही. मग ते लपवायचं कशाला? लपवतो तो, ज्याला ठाऊक असतं की मागे झोपलेला माणूस उठणार नाही. आणि ज्याला ठाऊक असतं, तोच रात्री ग्लासवर हात ठेवतो.

६

सोलांज अजून त्याच स्वयंपाकघरात होती. ओर्तांस तिच्यासाठी भात गरम करत होती. आरोप झालेली बाई आरोप करणाऱ्यांच्या घरातल्या पोरीला जेवू घालत होती. मी ओर्तांसला जरा बाहेर जायला सांगितलं.

"पाठीला कोरफड लावा," मी म्हणालो. "हॉस्पिटलात नर्सकडे आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं काही बोलावं लागलं नाही. तिनं डोकं टेबलावर टेकवलं आणि रडली, पण आवाज न करता. अशा रडण्याची तिला सवय असावी, शेजारच्या खोलीत कुणी जागं होऊ नये असं.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. शुक्रवारी ती पाण्यात घोट्यापर्यंत उतरली की हाक यायची. सोलांज, ऊन. सोलांज, माशी. सोलांज, कुठे गेलीस? लहानपणी तिला पोहायला याच बेटावर, पापांनीच शिकवलं होतं. नातालीच्या उघड्या बॅगेत तिनं गोळ्यांची पट्टी पाहिली होती, ती उचलली. शनिवारी नारळाचं पाणी कपात ओतून त्यात दोन गोळ्या चुरून घातल्या.

"मारायचं नव्हतं, इन्स्पेक्टर. मला फक्त एक दुपार हवी होती. कुणी हाक मारणार नाही अशी." मग म्हणाली, "पाण्यात गेले आणि वेळेचं भानच राहिलं नाही. परत आले तर पापांचा गाल लाल झाला होता. उठवलं तर म्हणाले, सकाळ झाली का? मी घाबरले. पण जेवायला बसल्यावर बरे वाटले. मग फाब्रिस रम ओतायला लागला. मी सांगू शकत होते. सगळ्यांसमोर. नाही सांगितलं."

दारात फाब्रिस उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही. किती ऐकलं होतं तेही कळलं नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. त्याचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"शुद्धीवर आलेत," तो म्हणाला. "सोलांजला बोलावतायत."

७

हॉस्पिटलात जाण्याआधी मी एक काम करून घेतलं. ओर्तांस रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसली होती. फाब्रिसला मी तिच्यासमोर उभं केलं आणि ओरडला होता तेवढ्याच मोठ्यानं माफी मागायला लावली. शेजारणी कुंपणाशी आल्या. ओर्तांसनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उद्या दुपारी जेवायला या. इथे, रस्त्याच्या बाजूला बसायचं, ताट दिसेल असं. बस इथूनच जाते. ऑक्टोपसच करीन. फाब्रिसनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो खरंच बसला आणि बसमधल्या सगळ्यांनी पाहिलं.

मिस्ये लामी उशीला टेकून बसले होते. आवाज घोगरा, पण डोळे जागे. सोलांज आत गेली आणि खाटेशी उभी राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले. तुम्ही पोलीस ना, काय लिहिताय?

मी म्हणालो, अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही काय सांगता त्यावर आहे.

"नारळाचं पाणी कडू नसतं," ते म्हणाले. "मी अर्धं आयुष्य या बेटांवर काढलं. पहिल्या घोटातच कळलं की काहीतरी घातलंय."

सोलांजनं डोळे मिटून घेतले.

"मग प्यालात कशाला?" मी विचारलं.

ते नळी टोचलेला हात चादरीवरून फिरवत राहिले.

"ती कप धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. समुद्राकडे बघत होती." त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं. "लिहा, एद्गार लामी समजून-उमजून, स्वतःच्या हातानं प्याला. रमही स्वतःच घेतली. सही करायला हात चालतोय माझा."

मी लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. त्यांनी सही केली आणि परत झोपतात की काय असे पडून राहिले. मग मुलाच्या नावानं कुरकुर सुरू केली. परत जाताना फाब्रिस मला नेईल, महिनाभर त्याच्याकडेच राहीन, त्याच्या बायकोला सांगा पहाटे पाचला उठतो मी, कॉफी गरम लागते. सोलांजचं तिकीट पुढे ढकला.

सोलांजकडे मी वळून पाहिलं. तिनं प्लॅस्टिकच्या खुर्चीतून पुढे वाकून खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं होतं आणि तिला गाढ झोप लागली होती. ऐन दिवेलागणीला, दिवे चालू, बाहेर पाण्याची बादली खडखडत होती, तरी.

तेवढ्यात दार ढकलून फाब्रिस आत आला. डॉक्टर काय म्हणाल्या ते मोठ्यानं सांगू लागला. मिस्ये लामींनी त्याच्याकडे पाहिलं. मग सलाइन लावलेला हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.